जपानीत 'प्लीज' कसं म्हणायचं? कुदासाईच्या पुढच्या पायऱ्या

आजचा भाग जपानी शिकणाऱ्यांसाठी आहे. पण तुम्ही अजून हिरागानासुद्धा सुरू केलं नसेल तरी ऐका, कारण आज जपानीइतकंच मराठीबद्दलही बोलणार आहोत.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. 'प्लीज'ला जपानीत काय म्हणतात? कुठलंही ॲप उघडा, उत्तर येईल 'कुदासाई'. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. आणि हा अर्धवटपणा परीक्षेत कधीच अडवत नाही. जेएलपीटीमध्ये, म्हणजे एन५ पासून एन१ पर्यंतच्या त्या परीक्षेत, बोलण्याचा पेपरच नसतो. वाचायचं, ऐकायचं आणि पर्याय निवडायचा. त्यामुळे होतं काय, की माणूस एन३ पास होतो, त्याला जपानी क्लायंट मिळतो आणि तो पहिल्याच दिवशी मेसेज टाकतो: 'आशिता मादे नि हेन्जी शिते कुदासाई.' उद्यापर्यंत उत्तर द्या, प्लीज. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर. पण समोरच्याला तो मेसेज कसा वाटतो? 'उद्यापर्यंत उत्तर द्यावे.' म्हणजे नोटीस बोर्डावर लावलेल्या सूचनेसारखा.

असं का होतं, हे आधी समजून घेऊ. मग पुढच्या पायऱ्या चढू.

कुदासाई हा 'प्लीज'सारखा वरून चिकटवायचा सुटा शब्द नाहीये. ते एका क्रियापदाचं रूप आहे. मूळ क्रियापद 'कुदासारू', म्हणजे वरच्या माणसाने खालच्याला देणं. ते ज्या कांजीने लिहितात तिचा अर्थच 'खाली' असा आहे. कुदासाई हे त्याचं आज्ञार्थी रूप. म्हणजे त्यात आदर आहे, पण आहे ती आज्ञाच. आपल्या 'द्या'सारखी. 'पाणी द्या' यात 'द्या' आदरार्थी आहे, 'दे' नाहीये. तरीपण समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही.

मग कुदासाई वापरायचंच नाही का? तसं अजिबात नाही. दुकानात वस्तूकडे बोट दाखवून 'कोरे ओ कुदासाई' म्हणजे 'हे द्या', एकदम बरोबर. तुम्ही पैसे देताय, तो वस्तू देतोय, नाही म्हणण्याचा प्रश्नच नाही. पाहुण्यांना 'सुवात्ते कुदासाई', बसा ना. हेही बरोबर, कारण बसण्यात फायदा पाहुण्याचा आहे. डॉक्टर पेशंटला म्हणतात तोंड उघडा, शिक्षक म्हणतात पान उलटा, तिथेही चालतं, कारण ते सांगणं त्यांचं कामच आहे.

म्हणजे आपल्याला दोन प्रश्न मिळाले. ते लक्षात ठेवा, पूर्ण भागात लागणार आहेत. पहिला: या कामात फायदा कोणाचा? दुसरा: समोरच्याला नाही म्हणायची सोय आहे का? फायदा समोरच्याचा असेल, किंवा सांगणं तुमचा हक्क असेल, तर कुदासाई पुरतं. फायदा तुमचा असेल आणि तसदी त्याला पडणार असेल, तर पायरी बदलावी लागते.

आता मराठीकडे येऊ, कारण इथे आपल्याला मोठा फायदा आहे आणि तो क्लासमध्ये फारसा कोणी सांगत नाही.

एक गोष्ट आठवून बघा. घरात आपण 'कृपया' म्हणतो का? 'आई, कृपया मला भाजी वाढ' असं कोणी म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. 'कृपया' आपण एसटी स्टँडवर ऐकतो नाहीतर बँकेच्या फलकावर वाचतो. मग मराठी माणूस उद्धट आहे का? नाही. आपण नम्रता क्रियापदात घालतो. दे, दे ना, देशील का, देता का, द्याल का, जरा देता का. सगळा खेळ वाक्याच्या शेवटी. जपानीतही नेमकं हेच आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नम्रताही शेवटी येते. इंग्रजीतून जपानी शिकायला गेलात तर 'प्लीज' शोधत बसाल. मराठीतून गेलात तर थेट क्रियापदाकडे बघाल.

अजून पुढे जाऊ. जपानीतलं ते प्रसिद्ध ते-रूप, ज्याला सगळे घाबरतात, ते आपल्या 'करून', 'खाऊन', 'लिहून'चं भावंड आहे. ऐका:

ताबेते मिरु, म्हणजे खाऊन बघणं.
काइते ओकु, म्हणजे लिहून ठेवणं.
ताबेते शिमाउ, म्हणजे खाऊन टाकणं.
मोत्ते कुरु, म्हणजे घेऊन येणं.
शिते कुरेरु, म्हणजे करून देणं.
शिते मोराउ, म्हणजे करून घेणं.

दिसलं का? 'मिरु' म्हणजे बघणं, आणि आपणही 'खाऊन बघ'च म्हणतो. चव डोळ्यांनी बघत नाही, तरी बघतोच. 'ओकु' म्हणजे ठेवणं, आणि आपणही लिहून 'ठेवतो'. इंग्रजीतून हे शिकवायला पानभर स्पष्टीकरण लागतं. आपल्याला एक ओळ पुरते.

विनंतीसाठी यातले शेवटचे दोन महत्त्वाचे: करून देणं आणि करून घेणं. जपानीतली जवळपास प्रत्येक नम्र विनंती या दोघांपैकी एकावर उभी आहे.

पण इथेच दोन फरकही आहेत.

पहिला फरक देण्यात. मराठीत 'देणं' एकच. मी त्याला दिलं, त्याने मला दिलं. जपानीत दिशा बदलली की क्रियापद बदलतं. माझ्याकडून बाहेर गेलं तर 'आगेरु'. बाहेरून माझ्याकडे आलं तर 'कुरेरु'. विनंती करताना गोष्ट माझ्याकडे यायची असते, म्हणून कुरेरु. त्याचंच आदरार्थी रूप कुदासारू, जे आपण मघाशी बघितलं. जाता जाता एक सावधगिरी: सीनियरला मदत करायची असेल तर 'तेत्सुदात्ते आगेमाशो का' म्हणू नका. त्याचा सूर 'तुमच्यावर उपकार करू का' असा लागतो. 'ओतेत्सुदाई शिमाशो का' म्हणा. मदत तीच, उपकाराचा वास गेला.

दुसरा फरक घेण्यात, आणि हा जास्त मजेशीर आहे. मराठीत 'मी सरांकडून शिफारसपत्र लिहून घेतलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हुशार आहे, काम काढून घेतलं. जपानीत 'सेन्सेई नि काइते मोरात्ता' यात उलट भाव आहे: सरांनी लिहिलं आणि ते मला मिळालं, मी आभारी आहे. रचना तीच, पण आपल्याकडे ती कर्तबगारी आणि तिकडे कृतज्ञता. मोराउचं नम्र रूप 'इतादाकु'. हा शब्द तुमच्यातल्या ॲनिमेवाल्यांनी शंभर वेळा ऐकलाय. जेवायच्या आधी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात ना? तेच क्रियापद. मी नम्रपणे स्वीकारतो.

आता पायऱ्या. एकच उदाहरण घेऊ: फाइल पाठवणं. पाठवणं म्हणजे 'ओकुरु', ते-रूप 'ओकुत्ते'.

एक: ओकुत्ते. पाठव. मित्र, भाऊ-बहीण.
दोन: ओकुत्ते कुरेरु? पाठवशील का? मित्रच, पण जरा गोडीने.
तीन: ओकुत्ते कुरेमासेन का? पाठवाल का? ओळखीचा सहकारी.
चार: ओकुत्ते मोराएमासेन का? जवळपास तेवढंच, किंचित मऊ.
पाच: ओकुत्ते इतादाकेमासेन का? सीनियर, क्लायंट, अनोळखी माणूस.
सहा: ओकुत्ते इतादाकेनाइ देशो का? मोठी विनंती, किंवा खूप वरचा माणूस.

हे पाठ करायची गरज नाही. यात तीन बटणं आहेत, ती कळली की वाक्य तुम्ही स्वतः बनवाल.

पहिलं बटण: देण्यावरून मिळण्यावर जाणं. कुरेमासेन का मध्ये प्रश्न 'तुम्ही द्याल का' असा आहे. इतादाकेमासेन का मध्ये प्रश्न 'मला मिळू शकेल का' असा आहे. म्हणजे बोट समोरच्याकडून स्वतःकडे वळवलं. आपण हे रोज करतो! हॉटेलात 'एक चहा मिळेल का?' असंच विचारतो ना? 'तुम्ही मला चहा द्याल का' यापेक्षा 'मिळेल का' हलकं वाटतं, कारण त्यात समोरच्याला कामाला लावलेलं नाही, फक्त मिळण्याची चौकशी केली. इतादाकेमास का म्हणजे जपानी 'मिळेल का'. आणि म्हणूनच त्या वाक्यात 'आनाता वा', म्हणजे 'तुम्ही', असं सुरुवातीला लावू नका. मिळणार मला आहे, कर्ता मी आहे.

दुसरं बटण: नकार. इतादाकेमास का पेक्षा इतादाकेमासेन का जास्त नम्र. इथे मराठी आपल्याला फसवते. 'फाइल पाठवणार नाही का?' हे मराठीत रुसवा वाटतं, नाहीतर दम दिल्यासारखं. जपानीत नकारार्थी प्रश्न म्हणजे समोरच्यासाठी आधीच उघडून ठेवलेलं दार. तुम्ही 'नाही'ची शक्यता स्वतःच बोलून दाखवता, म्हणजे त्याला ती उच्चारणं सोपं जातं.

तिसरं बटण: देशो. म्हणजे 'असेल', 'होईल बहुतेक'. मिळणार नाही का, यावरून मिळणं शक्य नसेल का, असं अजून एक पाऊल मागे. जितका अंदाज जास्त, तितका दबाव कमी.

पुस्तकात हे कुठे येतं ते बघा. आपल्याकडे बऱ्याच क्लासमध्ये 'मिन्ना नो निहोंगो' चालतं. त्यात ते-कुदासाई १४व्या धड्यात येतं आणि ते-इतादाकेमासेन का २६व्या धड्यात. पहिला भाग २५ धड्यांचा आहे. म्हणजे पहिला भाग संपवून क्लास सोडलेल्या माणसाकडे कुदासाईच राहतं! तुम्ही त्यातले असाल तर दुसऱ्या भागाचा निदान पहिला धडा तरी कराच.

आता एक खास मराठी सापळा. आपण म्हणतो, 'सर, हे जरा चेक करता येईल का?' छान, नम्र वाक्य. याचं शब्दशः जपानी होतं 'देकिमास का'. पण सीनियरला देकिमास का विचारलं की तो प्रश्न क्षमतेबद्दलचा वाटू शकतो. तुम्हाला जमतं का? येतं का तुम्हाला? म्हणून चेक करून हवं असेल तेव्हा 'गोकाकुनिन इतादाकेमास का'. पुन्हा तेच, मिळेल का.

आयटीवाल्यांसाठी एक दिलासा. रोजच्या कामात प्रत्येक वेळी सहावी पायरी नको. पुल रिक्वेस्टला जपानी टीममध्ये 'पुरुरिकु' म्हणतात, आणि ती टाकून 'रेब्यू ओनेगाई शिमास' एवढं पुरतं. ओनेगाई म्हणजे विनंती. जे काम समोरच्याच्या रोजच्या जबाबदारीत आहे, तिथे ओनेगाई शिमास सरळ, स्वच्छ आणि पुरेसं नम्र. शुक्रवारी संध्याकाळी सहाला 'आजच बघा' म्हणायचं असेल, तेव्हा मात्र पायरी चढा.

बरं, विनंती फक्त शेवटच्या क्रियापदात नसते. तिच्या आधीही काहीतरी येतं. जपानीत याला 'कुश्शोन कोतोबा' म्हणतात, कुशनचे शब्द. आदळू नये म्हणून आधी उशी ठेवायची. सुमिमासेन गा, माफ करा पण. ओतेसू देस गा, तसदी आहे पण. ओइसोगाशी तोकोरो सुमिमासेन, कामाच्या गडबडीत त्रास देतोय. ओसोरेइरिमास गा, हे जरा औपचारिक, मेलमध्ये आणि काउंटरवर ऐकू येणारं.

आणि सगळ्यात उपयोगी: 'चोत्तो ओनेगाई गा आरुन देस गा…' शब्दशः, जरा एक विनंती आहे, पण… आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. हे ओळखीचं वाटतंय ना? आपण शेजारच्या काकांकडे जातो आणि म्हणतो, 'काका, जरा एक काम होतं…' काम आत्ता आहे, पण आपण 'होतं' म्हणतो. आणि पुढे थांबतो. काका म्हणतात, 'बोल ना.' मग आपण बोलतो. चोत्तो म्हणजे आपलं 'जरा'. शेवटचा 'गा' म्हणजे ते थांबणं. समोरून 'हाय, नान देशो' असं येऊ द्या, मगच पुढे जा. नवशिका माणूस ही जागा सोडत नाही, एका दमात सगळं बोलून टाकतो.

आता बाजू बदलू. तुम्ही विनंती करताय हे ठीक, पण तुम्हाला केलेली विनंती तुम्हाला ओळखू येते का? कारण बऱ्याचदा ती विनंतीसारखी दिसतच नाही. मेल येतो: 'शिऱ्यो गा मादा तोदोइते इनाइ यो देस गा…' कागदपत्रं अजून पोचलेली दिसत नाहीत, पण… संपला मेल. ही माहिती नाहीये मंडळी, ही मागणी आहे. आजच पाठवा. किंवा 'आशिता मादे नि इतादाकेरु तो तासुकारिमास', उद्यापर्यंत मिळालं तर मदत होईल. ही उद्याची डेडलाइन आहे. 'मदत होईल' वाचून परवा पाठवलंत तर समोरचा कदाचित काही बोलणार नाही. पण विश्वास कमी होईल, आणि तो का कमी झाला हे तुम्हाला कळणारही नाही.

नकारही तसाच. तुम्ही विचारलंत आणि उत्तर आलं 'चोत्तो…' आणि शांतता. हा नकार आहे. 'मुझुकाशी देस ने', म्हणजे अवघड आहे. हाही बहुतेक वेळा नकारच. 'केन्तो शिमास', विचार करतो. हे कधी खरं असतं, कधी नकार असतो. आपल्याला हे कळायला काय अवघड आहे? कोणी 'बघू' म्हणालं की आपल्याला कळतंच ना? 'बघू' आणि 'बघू हं, उद्या फोन करतो' यातला फरक आपण स्वरावरून ओळखतो. तेच कान तिथेही लावायचे. आणि नकार कळला की ओढाताण नको. 'सो देस का, वाकारिमाशिता' म्हणून सोडून द्या. नाही म्हणायची जागा दिली होती, त्याने ती वापरली. आता तुम्ही चिडलात तर ती जागा खोटी होती असा अर्थ होतो.

फलकांवरची भाषाही बघा, फुकटचा क्लास आहे तो. स्टेशनवर घोषणा होते, 'काकेकोमि जोशा वा ओयामे कुदासाई', धावत येऊन गाडीत शिरू नका. इथे कुदासाई आहे, कारण हा नियम आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. कुठे 'गोएन्र्यो कुदासाई' लिहिलेलं दिसेल. डिक्शनरीत एन्र्यो म्हणजे संकोच करणं, आवर घालणं. तुम्हाला वाटेल की शक्यतो करू नका असं म्हणतायत. नाही! फोटो काढण्याबद्दल गोएन्र्यो कुदासाई म्हणजे फोटो काढायला मनाई. आणि स्वच्छतागृहात एक पाटी हमखास दिसते: 'इत्सुमो किरेइ नि ओत्सुकाई इतादाकि आरिगातो गोझाइमास.' तुम्ही नेहमी स्वच्छ वापरता, त्याबद्दल आभार. विनंती केलीच नाही, थेट आभार मानले. आता घाण करून दाखवा! आणि त्यातही तेच इतादाकु बसलंय.

आता जिथे खरंच गरज पडते असा एक प्रसंग घेऊ. आपल्याकडून शिकायला, नोकरीला जपानला जाणारे वाढतायत. भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये विशेष कौशल्य असलेल्या कामगारांसाठी करार झाला, त्यामुळे इंजिनिअरच नाही, इतर कामांसाठीही लोक जाऊ शकतात. समजा तुम्ही ओसाकात आहात. रात्री घरून फोन येतो, आईला ॲडमिट केलंय. सकाळी साहेबांकडे सुट्टी मागायची आहे. मन थाऱ्यावर नाही. अशा वेळी नवीन वाक्य सुचत नाही, आधी तयार असलेलंच तोंडात येतं. म्हणून आत्ताच तयार करू.

पहिलं वाक्य: 'काचो, इमा सुकोशी ओजिकान योरोशी देशो का.' साहेब, आत्ता थोडा वेळ आहे का? थांबा. हो म्हणू द्या.

दुसरं: 'जित्सु वा, हाहा गा न्यूइन शिमाशिते…' खरं म्हणजे, आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय आणि… 'ओकासान' नाही, 'हाहा'. बाहेरच्या माणसाशी आपल्या आईबद्दल बोलताना हाहा म्हणतात. वाक्य 'शिमाशिते'वर लोंबकळत ठेवा.

तिसरं: 'मोशिवाके आरिमासेन गा, राइश्यू नो गेत्सुयो कारा मिक्काकान, यासुमासेते इतादाकेनाइ देशो का.' माफ करा, पण पुढच्या सोमवारपासून तीन दिवस मला सुट्टी घेऊ द्याल का?

यातलं 'यासुमासेते' बघा. 'यासुमु' म्हणजे सुट्टी घेणं. 'यासुमासेरु' म्हणजे सुट्टी घेऊ देणं. आपलं 'जाऊ द्या', 'बोलू द्या'. मग त्याला इतादाकेनाइ देशो का. म्हणजे तुम्ही मला सुट्टी घेऊ देणं, हे मला मिळणं शक्य नसेल का? शब्दशः मराठी केलं तर डोकं गरगरतं, पण जपानी कानाला ते एकदम स्वच्छ आहे. आणि एक लक्षात घ्या, इतक्या नम्र वाक्यातही 'सोमवारपासून', 'तीन दिवस' हे स्पष्ट आहे. नम्रता म्हणजे मोघमपणा नाही. काय हवं, किती हवं, कधी हवं, हे नेमकं सांगायचं. मऊ करायचा तो दबाव.

आणि याच्या अगदी उलटा प्रसंग: अपघात झालाय, कोणी कोसळलंय. तिथे पायऱ्या विसरा. 'तासुकेते!' म्हणजे वाचवा. 'क्यूक्यूशा ओ योन्दे कुदासाई!' रुग्णवाहिका बोलवा. इथे कुदासाई अगदी योग्य आहे. जपानमध्ये रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. हे दोन नंबर पहिल्या दिवशी फोनमध्ये टाका.

अजून एक धोका, अति नम्रतेचा. आज हे सगळं ऐकून तुम्ही रूममेटला 'मीठ घेऊन इतादाकेनाइ देशो का' म्हणायला लागाल. मराठीत जेवताना धाकट्या भावाला 'आपण मीठ देण्याची कृपा करावी' म्हटलं तर तो म्हणेल, 'काय झालं? चिडलायस का?' तिथेही तसंच. जवळच्या माणसाशी फार वरची पायरी म्हणजे एकतर टोमणा, नाहीतर अंतर ठेवणं. मित्राने तुम्हाला 'तोत्ते', दे ना, म्हटलं तर ते उद्धटपणाचं नाही, जवळिकीचं लक्षण आहे.

अवघड वाटतंय? थोडा धीर देतो. ही आदरार्थी भाषा, म्हणजे केइगो, खुद्द जपान्यांनाही शिकावी लागते. शाळेत तिचे तीन प्रकार शिकवायचे. २००७ मध्ये तिथल्या सांस्कृतिक व्यवहार मंडळाच्या मार्गदर्शिकेत त्याचे पाच प्रकार केले गेले. नवीन नोकरीला लागलेल्या मुलांना कंपन्या वेगळं ट्रेनिंग देतात. दुकानांत केइगोची पुस्तकं मिळतात, आणि ती घेणारे जपानीच असतात. तुमच्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा कोणी करत नाही. पण फायदा कोणाचा आणि नाही म्हणायला जागा आहे का, एवढं तुम्ही पाळलंत, तर रूप थोडं चुकलं तरी माणूस समजून घेतो.

शेवटची गोष्ट, विनंतीनंतरची. काम झालं की 'तासुकारिमाशिता', तुमच्यामुळे सुटलो, असं म्हणायचं. आणि नंतर पुन्हा भेट झाली की परत एकदा, 'कोनो आइदा वा आरिगातो गोझाइमाशिता'. परवाबद्दल आभारी आहे. आपल्याकडे एकदा 'थँक्स' म्हटलं की विषय संपतो, उलट दुसऱ्यांदा म्हटलं तर 'अरे किती वेळा' असं होतं. तिकडे दुसऱ्यांदा आठवण काढणं हा विनंतीचाच शेवटचा भाग आहे.

तर गृहपाठ. फोनमधल्या नोट्स उघडा. गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाकोणाला काय काय मागितलं, त्यातल्या तीन गोष्टी आधी मराठीत लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, फायदा कोणाचा आणि नाही म्हणायची सोय होती का. मग पायरी निवडा आणि जपानीत करा. वाचू नका, मोठ्याने बोला. इतादाकेमासेन का हा शब्द जिभेवर बसायला वीसेक वेळा म्हणावा लागतो, त्याला इलाज नाही. लोकल, मेट्रो, जिथे असाल तिथे पुटपुटा. लोक बघतील, बघू देत.

पुढच्या भागात याच्या उलट बाजूला जाऊ: जपानीत नम्रपणे नाही कसं म्हणायचं. तोपर्यंत तुमची तीन वाक्यं मला पाठवाल का? बघा, मराठीतली तिसरी पायरी वापरली. चला, माता ने!